रोवणीची पंगत

बोलता बोलता ती डाव्या हातातली काचेची बांगडी वर सरकवायची. मनगटावरून निघालेली बांगडी कोपराला जाऊन टेकली की तिचा चेहरा खुलायचा. "पाह्य वैनी, गेली. अजून बाईचाच हात हाय माहा." बांगडी मध्येच अडली, तर त्या दिवशी ती जेवायची नाही. अंग उतरलं म्हणून हळहळणारी माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील. उतरलं म्हणून आनंदणारं मी हे एकच पाहिलं.

माझं सासर गोंदियाहून नागऱ्याला जाणाऱ्या वाटेवर. मी लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांची मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, नुकतीच गेली होती, रुबाब तेवढा शिल्लक होता. ती आमच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, मजुरीला यायची. जन्मली होती मुलगा म्हणून. मिसरूड फुटायच्या वयात लुगडं नेसून पाण्याला गेली, आणि भावांनी त्याच दिवशी घराबाहेर काढलं. तेव्हापासून गावच्या तळ्याच्या पाळीवर झोपडी घालून एकटी राहायची. गावात तिला दोन नावं होती, एक बापाने ठेवलेलं आणि एक टवाळांनी. तिला दोन्ही आवडत नव्हती, म्हणून मीही इथे लिहीत नाही. ती स्वतःला 'मी आली, मी गेली' म्हणायची. मला तेवढं पुरे होतं.

तिला भीती वाटायची ती खांद्यांची. बाप, भाऊ सगळे रुंद खांद्यांचे. "खाल्लं का खांदे येतेत, वैनी," असं तिचं ठाम मत. म्हणून डाळ नाही, दही नाही, सकाळी पेज आणि संध्याकाळीही पेजच. मी चिडायचे.

"काऊन वो, पेजेवर माणूस जगते का?"

"बाई जगते. तुमी नाई का जगत, सगळ्यायच्या मागून उरलंसुरलं खाऊन?"

आमच्या घरात सगळ्यांत शेवटी भांडी खरवडून जेवणारी मीच होते.

दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली की ती गावच्या दंडारीत नाचायची. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायांच्या तोंडी तोच विषय, "काय कंबर राखली बाप्पा तिनं!" उपाशी माणसाच्या कंबरेचं कौतुक करणारं असं आमचं गाव. तिच्या पोटात काय गेलं, हे विचारायला मात्र कोणाची जीभ रेटली नाही.

आता रोवणीचं ऐका. रोवणीत गडी चिखलातून रोपांचे भारे वाहतात आणि बाया ओळीने वाकून ती रोपं लावतात. ती दोन्ही करायची. सकाळी गडी तिला ओढून न्यायचे, "अंगात जोर हाय ना, मंग उचल." भारे वाहून झाले की बाया हाक मारायच्या, "ये वो, धुऱ्याकडची ओळ तू धर." तेव्हा कोणाला काही अडचण नव्हती. चिखलात ती गडी म्हणूनही चालायची आणि बाई म्हणूनही.

रोवणी संपली की मालकाने मजुरांना जेवण घालायचं, हा आमच्याकडचा रिवाज. सुवाऱ्या म्हणजे पुऱ्या, वडे, कढी, डाळ, भात. आधी गड्यांची पंगत, मग बायांची. ती गड्यांत बसायला गेली की कोणीतरी म्हणायचं, "लुगडं नेसून आमच्यात कायले? बायात जाय." बायांत आली की माझ्या सासूबाई म्हणायच्या, "गडी मानूस तो, त्याची पंगत झाली." मग ती हसून "जेवली मी" म्हणायची आणि निघून जायची. गड्यांना वाटे ती बायांत जेवली, बायांना वाटे गड्यांत. एकदा मी बायांची पंगत वाढून आल्यावर नवऱ्याला विचारलं, तेव्हा कुठे कळलं की ती कोणाच्याच पानाला बसली नव्हती. मी घरात सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, चुकून झालं असेल. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दरवर्षी होते त्या गोष्टीला चूक म्हणत नाहीत. अशा गोष्टीला दुसरं नाव आहे, आणि ते मी सासूबाईंसमोर घेऊ शकत नव्हते.

एका श्रावणात ती डोक्यावरच्या भाऱ्यासकट बांधीत कोसळली. नागऱ्याचे वैद्य आले. पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, "रक्तच नाही अंगात. दूध द्या, डाळ द्या." इथवर ठीक होतं. पुढे म्हणाले, "आणि आखाड्यात पाठवा. जोर-बैठका मारल्या की हे बायकी खूळ आपोआप उतरेल."

सासऱ्यांना हे फार पटलं. ज्यांच्या अंगणात तिला कधी एक घास मिळाला नाही, त्यांनी आखाड्यात तिच्यासाठी रोज लोटाभर दुधाची सोय केली. अट एवढीच, की लुगडं सोडून लंगोट लावायचा आणि वस्ताद सांगेल तेवढ्या बैठका मारायच्या. याला गावाने दानत म्हटलं. मला आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

ती गेली. मरणाची भीती कोणाला नसते? "मराचं नाई मले, वैनी," म्हणाली. हिवाळाभर बैठका मारल्या, दूध प्याली. गाल भरले, चालण्यात दम आला. वैद्य खूश, सासरे खूश. मग एका सकाळी ती आमच्या परसात येऊन उभी राहिली. बांगडी मनगटाच्या चार बोटं वर अडकली होती. "खांदे येऊन राहिले, वैनी," म्हणाली आणि रडायला लागली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"दूध सोडलं मी."

"मरशील ना अशानं."

"मले जेवाचं हाय वो. पोटभर जेवाचं हाय. पन बाई राहून जेवाचं हाय."

एवढंच मागणं होतं तिचं. गावात धानाची कोठारं भरलेली होती आणि एका माणसाला बाई राहून भात खाता येत नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात रोवणी संपल्यावर ती धुतलेलं लुगडं नेसून आली आणि सरळ बायांच्या पंगतीत शेवटची पत्रावळ ओढून बसली. सासूबाई म्हणाल्या, "ऊठ." ती उठली नाही. "ओळ तुमच्यासंगच लावली न मी? मंग वाढा." कोणी हलेना. भाताची परात माझ्या हातात होती. मी गेले आणि तिला वाढलं. भात, डाळ, कढी, दोन वडे. सासूबाईंनी मला नावाने हाक मारली. मी ऐकलं नाही.

मग एकेक बाई अर्धं पान टाकून उठली. बोडीच्या तळ्यावर तिच्याशी हसूनबोलून पाणी भरणाऱ्या, बांधीत तिच्याकडून आपल्या ओळी पुऱ्या करून घेणाऱ्या त्याच बाया. पंगत रिकामी झाली. ती मान खाली घालून जेवत राहिली. "अजून थोडा भात, वैनी," असं तिने दोनदा मागितलं. जेवण झाल्यावर स्वतःची पत्रावळ उचलली, जाताना माझ्या दंडाला हात लावला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी झोपडी रिकामी होती. कोणीतरी तिला गोंदिया स्टेशनवर डोंगरगडकडच्या गाडीत चढताना पाहिलं, एवढं कानावर आलं. शोधायला कोणी गेलं नाही. गावात बोलणं झालं ते "बाप्पा, केवढं खाल्लं तिनं" एवढंच.

पुढच्या रोवणीला सासऱ्यांना तिच्या जागी दोन माणसं आणावी लागली. भारे वाहायला शेजारच्या गावचा एक गडी, आणि ओळीला एक बाई. काम उरकल्यावर गडी गड्यांत बसला, बाई बायांत बसली. गड्याला सासऱ्यांनी आग्रह करकरून वाढलं, आणि बाईला सासूबाईंनी.