महानंदावैनीच्या बाटल्या

आमच्या ह्यांना नाही, पोरींना नाही, हे आजवर मी कुणापुढंच बोललेले नाही. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही तिला ओळखत नाही — म्हणून असेल.

लातूर जिल्हा झाला आणि आमचं सिमेंटचं दुकान धो धो चालायला लागलं. जिकडंतिकडं बांधकामं. स्कूटर आली, टीव्ही आला, मग गल्लीतला पहिला फ्रिज. बाहेर दुष्काळ, टँकरपुढं घागरींची भांडणं — आणि मी येईल त्याला बर्फ घालून सरबत देत होते. मिरवत होते, दुसरं काय?

शेजारच्या महानंदावैनीचे मालक डाळमिलमध्ये कामाला. त्यांना साखरेचा आजार. इन्शुलिनच्या बाटल्या थंड राहाव्यात म्हणून वैनी त्या माझ्याकडं ठेवायची. रोज सकाळी एक न्यायची, सुई टोचून झाली की परत आणायची. मला त्या ये-जाचा वैताग यायचा. तोंडानं मात्र गोड.

मे महिन्यात जिल्हा कचेरीत नव्यानं आलेल्या साहेबलोकांच्या बायका घरी यायच्या होत्या. आईस्क्रीमची भांडी फ्रिजमध्ये मावेनात. मी बाटल्या काढून खिडकीत ठेवल्या, तेवढ्यापुरत्याच — आणि विसरले. संध्याकाळी आठवलं तेव्हा बाटल्यांची काच हाताला पोळत होती.

सांगता आलं नसतं का? नव्या बाटल्या मी सहज आणून दिल्या असत्या. पण मग जुन्या कशासाठी काढल्या, तेही सांगावं लागलं असतं. आईस्क्रीमसाठी! मी त्या बर्फाच्या कप्प्यात घालून गार केल्या आणि जागेवर ठेवून दिल्या.

सकाळी वैनी आली. बाटली गालाला लावून म्हणाली, "लई गार हाय बघा. तुमचा फ्रिज नसता तर आमी काय केलं असतं?"

मी हसले.

मालकांची साखर उतरेना. डॉक्टरांनी डोस वाढवला. त्याच बाटल्या मी रोज काढून देत होते — माझ्या हातानं. पावसाआधीच ते गेले. मूत्रपिंडं आधीपासूनच निकामी होती, असं डॉक्टर म्हणाले. असतीलही. पण बाटल्या देताना मला ते कुठं माहीत होतं? मला फक्त खिडकीतलं ऊन माहीत होतं.

वैनी अजून लग्नाकार्यात भेटते. सगळ्यांदेखत माझा हात धरते — "ह्यांच्यामुळं आमचे मालक तेवढं तरी जगले."

मी हात सोडवून घेत नाही.