छाती वर येईपर्यंत

घाटंजी तालुक्यात आमच्या साडभाऊंनी ज्याची चूक काढली नाही असा माणूस सापडला, तर तो कालच जन्मला असं समजावं. त्याचीही खात्री नाही म्हणा. साडभाऊ लहान मुलांचे डॉक्टर आहेत, त्यामुळे कालच जन्मलेल्याला नीट धरलं नाही म्हणून त्याच्या आजीला ते रागावून आलेले असतात. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिली आहे. भाजीला फोडणी घालताना ती आजही स्वयंपाकघराचं दार लावून घेते.

गेली काही वर्षं मात्र त्यांच्या सगळ्या रागाला एकच वाट सापडली आहे. जवळच्या एका गावात एक मुलगी शेततळ्यात पडली. बाहेर काढल्यावर लोकांनी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या करतात तेच केलं. पाय धरून तिला उलटी टांगली आणि पोटातलं पाणी पडावं म्हणून गरगर फिरवली. मग मोटरसायकलवर घालून दवाखान्यात आणली. मी तेव्हा तिथेच बसलो होतो. साडभाऊ घामाघूम होईपर्यंत तिची छाती दाबत होते, तोंडानं श्वास देत होते. पोर परत आली नाही. तिचा बाप हात जोडून म्हणाला, "साहेब, पानी तं आमी सारं काढलं होतं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तालुका शिकवायला घेतला. "लेकराचं बहुतेक आधी श्वासातच अडते, हृदय मागून थांबते. पाणी काढत बसू नका. हनुवटी उचला, नाक चिमटीत धरा, छाती वर येईपर्यंत फुंका, मग छाती दाबा!" हे ते दवाखान्यात, दळणाच्या रांगेत, सासरच्या दिवाळीतही सांगू लागले. शिकवायला बाहुली हवी, म्हणून मेव्हणीनं एक शिवून दिली. आत अर्थात कापूस, यवतमाळात दुसरं काय भरणार? पण कापूस एकदा दबला की वर यायचं नाव घेईना. साडभाऊ रात्रंदिवस खटपट करत राहिले. शेवटी छातीत फुटबॉलचा ब्लॅडर आणि गळ्यात सलाईनची नळी बसली. मान बरोबर मागे केली नाही तर नळी दुमडते आणि छाती हलत नाही, ही त्यातली खरी गंमत. मला ती फुंकायला लावून त्यांनी आठवडाभर माझा अपमान केला.

बाहुली कडेवर घेऊन ते एसटीत चढले, तेव्हा कंडक्टर हसून म्हणाला, "साहेब, पोरीचं तिकीट?" साडभाऊ म्हणाले, "तिचा श्वास थांबलाय, आधी तो चालू करा." पुढचा थांबा यायच्या आत कंडक्टर गुडघ्यांवर बसून फुंकत होता. फुलसावंगीच्या लग्नात तर त्यांनी वरातीतला ढोलवाला थांबवला. "जरा जोरात चालू द्या, या ठेक्यावर लेकरू जगत नाही!" त्या वाढीव ठेक्यावर अर्धी वरात बाहुलीची छाती दाबत होती आणि नवरदेव घोड्यावर ताटकळला होता.

त्या मुलीच्या गावाला मात्र ते जात नसत. यंदा गावानंच बोलावलं. मी गाडी चालवत होतो. ते मांडीवर बाहुली घेऊन बसले होते. शाळेच्या पटांगणात गाव जमलं. साडभाऊंनी सगळं दाखवलं, फक्त पाणी काढण्याबद्दल सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. तेवढ्यात पुढे बसलेला एक माणूस उभा राहिला. तोच बाप.

"साहेब, आमी तिले फिरवून राह्यलो होतो, तवा कोनी फुंकलं असतं, तं वाचली असती का पोरगी माही?"

मी मान खाली घातली. साडभाऊंनी सासूच्या पुरणपोळीचीही कधी खोटी तारीफ केली नव्हती.

साडभाऊ बाहुलीचा फ्रॉक नीट करत म्हणाले, "नाही भाऊ. तिचं पाण्यातच सारं संपलं होतं. तुमच्या हातात काही नव्हतं." मग एकदम आवाज चढवून सगळ्यांवर गरजले, "पण यापुढे या गावात एकाही लेकराले फिरवाचं नाही! समजलं?"

बाप पुढे आला, गुडघ्यांवर बसला. त्यानं हनुवटी उचलली, नाक चिमटीत धरलं आणि फुंकलं. छाती वर आली. तो थांबेना. लोक चुळबुळ करू लागले, तरी फुंकतच राहिला. साडभाऊ त्याच्याजवळ बसून फक्त "अजून, भाऊ, अजून" म्हणत होते.

परतताना मी दोनदा चुकीचा गिअर टाकला आणि एक वळण चुकलो. घाटंजी येईपर्यंत साडभाऊंनी माझी एकही चूक काढली नाही. मला ते फार जड गेलं.