आडं, मयाल आणि खडू

खाणीसाठी आमचं गाव उठलं, तेव्हा जुन्या घराचं सागवानी छप्पर उतरवून मी भद्रावतीजवळच्या नव्या जागेत आणलं. पुन्हा तसंच उभारायचं म्हणून शाळामास्तराच्या शिस्तीने प्रत्येक लाकडावर खडूने नंबर टाकले होते. एका पावसात सगळे धुऊन गेले.

मूल गावाहून एक म्हातारे सुतार बोलावले. त्यांनी ढिगाकडे पाहिलं, विझलेली विडी कानामागे खोचली आणि एकेका लाकडावरून तळवा फिरवू लागले.

"हे आडं. सगळ्यात उंच बसते, छपराचे दोनी पाखे याच्यावर टेकते." पुढचं लाकूड त्यांनी बोटांच्या पेरांनी वाजवलं. "हे मयाल. या भिंतीवरून त्या भिंतीवर जाते, वजन झेलते. मधल्या खोलीतलं हाय."

"कशावरून?"

त्यांनी माझं बोट धरून एका गुळगुळीत खाचेत ठेवलं. "पाळण्याची दोरी घासली हाय इथी."

त्या पाळण्यात मी झोपलो होतो.

धुराने काळे पडलेले फाटे, म्हणजे उतरते वासे, त्यांनी चुलीच्या बाजूला लावले. "नाव मालूम असलं का लाकूड आपली जागा सांगते, मास्तर."

चौथ्या दिवशी शेवटचा फाटा तीन ठोक्यांत आपल्या जुन्या खाचेत बसला. कुठे सुईएवढीही फट नव्हती. त्यांनी वरूनच हाक दिली, "आता लिहा तुमचे नंबर."

मी शिडी चढलो आणि खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं: आडं.