दिनकरच्या धरणाची गळती

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, माझा मामेभाऊ दिनकर याचे खासगी धरण यंदाही गळत आहे.

धरण म्हणजे मातीचा एक बांध आणि त्यामागे बागेपुरतं पाणी. दर उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, की दिनकर आतून काळी माती चोपून भोकं बुजवतो. पावसाळ्यानंतर पाणी नवी वाट शोधतं. काल तो हातातलं लाकडी चोपणं बाजूला टाकून बांधावर बसला होता. त्याला पाहून मलाच थकवा आला. आपण जन्मभर जे थोपवत राहतो, त्यातलं थोडं निसटतंच आणि कुणाची तरी तहान भागवतं. पण हे कळलं म्हणून हात दुखायचे थांबत नाहीत.

बांधाखालच्या सरूआक्काची विहीर या गळतीवरच भरते. गळती बुजली, की तिची भाजी वाळते. तरी दुपारी ती भाकरी-पिठलं घेऊन आलीच.

"आक्का, तुझंच पाणी तोडतोय मी, आणि तू मला जेवायला घालतेस?" दिनकर ओशाळून म्हणाला.

त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकताना आक्का बोलून गेली, "खा रे पोटभर! झोप लागली तर एखादं भोक तरी राहील!"