संध्या परबचा राजा

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात कोणी नवीन आलं, की लवकरच त्याला संध्या परब फूटपट्टी तलवारीसारखी धरून पॅसेजमध्ये गिरकी घेताना दिसायची. बिचारा दचकायचा. आम्ही सांगायचो, घाबरू नकोस, ती पात्र बनवतेय. गिरकी झाली की ती धापा टाकत खुर्चीत बसायची आणि अंगाने जे केलं तेच स्क्रीनवर काढायची.

आम्ही दोघं जाहिरातींसाठी कार्टून करायचो. डबा खाऊन झाला की मात्र एक मारामारीचा गेम खेळायचो. हवेत तरंगणारे ओटे, त्यांवर दोन लढवय्ये, आणि समोरच्याला ओट्यावरून खाली पाडायचं. या गेममध्ये आपला लढवय्या आपणच घडवता यायचा. चेहरा, वजन, चाल, उडी, सगळं आपण काढायचं. मी हौसेने दणकट पैलवान केले होते. त्यांच्याकडे बघून संध्याने नाक मुरडलं. "मारायला कोणालाही येतं रे. ढकलल्यावर हा परत वर कसा येतो, ते सांग." ऑफिसात नवीन साहेब आला, तेव्हा त्याच्याबद्दलही तिने हेच विचारलं होतं.

तिचा स्वतःचा लढवय्या म्हणजे दशावतारी नाटकातला राजा. मुकुट, भरजरी अंगरखा, हातात तलवार. इतका देखणा लढवय्या मी त्या गेममध्ये दुसरा पाहिला नाही. पण हा राजा ओट्यावर आला की आधी गिरक्या घ्यायचा, मग नमस्कार करायचा, आणि मग कुठे तलवार उचलायचा. तोवर माझा पैलवान त्याला खाली पाडून मोकळा. मुलुंडला एक स्पर्धा होती, तिथेही पहिल्याच फेरीत वाट लागली. पोरं हसून लोळली.

"अगं, तो नाच काढून टाक ना. जिंकशील!" मी वैतागून म्हणालो.

"राजा आला आणि लगेच हाणामारी? नाक्यावरचा आहे का तो?"

हरण्याचं तिला काहीच का वाटत नाही, ते मला एका रविवारी कळलं. लॅपटॉप टीव्हीला जोडून द्यायला तिने मला नाहूरला घरी बोलावलं होतं. वायर शोधता शोधता हळू आवाजात तिने सांगितलं. तिचे वडील, अण्णा, नोकरी सांभाळून दरवर्षी कोकणात जायचे आणि दशावतारी मंडळात राजा करायचे. मंडळात सगळे पुरुष. राणीसुद्धा पुरुषच करणार. लहानपणी संध्याने "माका शिकवा" म्हटलं, तेव्हा अण्णांनी एका वाक्यात विषय संपवला. "चेडवांनी बघूचा, नाचूचा नाय." मुलींनी फक्त बघायचं, तर मग ती बघत राहिली. आता गुडघ्यांनी अण्णांना घरी बसवलं होतं. मंडळात राजा दुसराच करत होता, आणि अण्णांची चाल त्याला काही जमत नव्हती. ती चाल आपल्यापाशी आहे, हे अण्णांनी एकदा बघावं, एवढंच तिला हवं होतं.

टीव्हीवर राजा आला. गिरक्या झाल्या, नमस्कार झाला. अण्णा पुढे झुकून बघत होते. ऑफिसात कोणालाही न जुमानणारी संध्या ओढणीचं टोक पिळत उभी होती.

"ह्यो कोणी केल्यान?"

"मी."

"तुका कोणी शिकवल्यान?"

"कोणीच नाय. तुमका बघून."

अण्णांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "डावो पाय चुकलो तुजो."

इतक्या महिन्यांची मेहनत, आणि म्हातारा पायाची चूक काढतोय! मला खरंच राग आला. तेवढ्यात अण्णा खुर्चीच्या दांड्यावर जोर देऊन उठले. "बसान कळाचा नाय. ये, माज्या वांगडा उबी रव."

ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दुखऱ्या गुडघ्यावर भार घेत अण्णांनी पाय टाकून दाखवला. तिने टाकला. "नाय. परत." तिने परत टाकला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला ती थांबत नव्हती. मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि भिंतीला टेकून उभा राहिलो.

आता दर रविवारी त्यांची तालीम असते. परवा डबा खाताना मी तिला विचारलं, "गेममधल्या राजाचा पाय दुरुस्त केलास की नाही?"

"नाही रे," ती म्हणाली. "तो बरोबर पडला, तर अण्णा शिकवायचं थांबतील."