उघड्यावरचा सौदा

अकोल्याचे शेषराव मास्तर हायस्कुलात अर्थशास्त्र शिकवत, पण पुस्तक बहुधा खुर्चीखाली. खुर्चीचा एक पाय आखूड होता, त्यामुळे पुस्तकाचा उपयोग नव्हता असं कुणी म्हणू नये. मागणी-पुरवठा शिकवायचा तर ते वर्गात टोपलीभर बोरं आणत आणि पोरांकडून लिलाव करवत. शेवटी अर्धा पुरवठा मास्तरांच्याच पोटात जाई. एकदा नागपूरहून शाळा तपासायला इन्स्पेक्टरसाहेब आले अन् दारातच थबकले. "हे काय चाललंय?" मास्तर बोराची बी थुंकून म्हणाले, "उपभोग, साहेब. तिसरा धडा."

त्याच उत्साहात एका सकाळी ते मॅट्रिकचा सबंध वर्ग घेऊन भाजीबाजारात गेले. भाव कसा ठरतो ते दाखवायचं होतं. आता आपल्याकडं भाव दिसत नाही, चाचपतात. अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटं दाबतात, तोंडानं भलतंच काही बोलतात, अन् सौदा होऊन जातो. मास्तरांची पंचाईत झाली. एवढी पोरं आणली आणि दाखवायचं काय, तर रुमाल!

त्या वेळी सौद्याला लागलेली टोपली मनकर्णाबाईची होती. मोर्णा नदीच्या काठी तिचा वांग्यांचा मळा. मुलगा भगवंत मास्तरांच्याच वर्गात.

मास्तर तिला म्हणाले, "बाई, एवढा एक सौदा उघड्यावर होऊ द्या. पोरांना बोटं दिसली पाहिजेत."

मुलाचा मास्तर सांगतो म्हटल्यावर बाईनं विचार कसला करायचा? तिनं पुढं होऊन रुमालच ओढला. आत अडत्या नत्थुजी अन् व्यापारी एकमेकांची बोटं धरून उभे, परक्याच्या आमराईत सापडल्यासारखे! पोरं हसली, बाजार हसला. मास्तर खुशीत बोटांचा अर्थ समजावू लागले.

नत्थुजी हसला नाही. "बाई, तू हातावरचा रुमाल नाई, माह्या डोक्यावरचा फेटा ओढला. उद्यापासून तुही टोपली इथं नोको."

बाकीच्या अडत्यांनीही पाठ फिरवली. भगवंतची शाळा सुटली; मायलेक दारोदार वांगी विकत हिंडू लागले.

मास्तर भगवंतच्या रिकाम्या बाकाकडं पाहत 'पुरवठा' म्हणायला जात अन् 'वांगी' म्हणून मोकळे होत. पोरं हसायची, मास्तर फळ्याकडं वळायचे. मग ते रोज मनकर्णाबाईची निम्मी टोपली स्वतःच विकत घेऊ लागले. सत्यभामाबाई, म्हणजे त्यांची बायको, काही दिवस रांधत राहिली, मग म्हणाली,

"घरात माणसं दोन. भाजी झाली, भरीत झालं, काप झाले. आता काय मुरंबा घालू वांग्यांचा?"

"घाल," मास्तर खालमानेनं म्हणाले.

मनकर्णाबाईच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. "मास्तर, तुमी वांगे खाऊन राहिले का पाप फेडून राहिले?"

"दोन्ही, बाई."

"मंग नत्थुजीकडं जा ना! माह्या टोपलीले काहून छळता?"

एवढं सुचायला अर्थशास्त्र लागत नव्हतं, धीर लागत होता. दुसऱ्या सकाळी मास्तर वर्गासकट बाजारात गेले. भगवंतलाही त्यांनी रस्त्यातून बोलावून घेतलं. नत्थुजीपुढं उभं राहून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"चूक माझी. बाईनं फक्त माझं ऐकलं. मी पोरांपुढं शहाणपण मिरवायला गेलो अन् तिचा धंदा बसवला."

नत्थुजीनं मास्तरांच्या टकलाकडं जरा वेळ पाहिलं. "टोपी घाला मास्तर, ऊन हाये." मग हातावर रुमाल टाकत ओरडला, "आन बाई टोपली!"

व्यापाऱ्यानं हात घातला. मास्तर मनकर्णाबाईचा चेहरा न्याहाळत होते. त्यावर काही उमटत नव्हतं. सौदा झाला. ती रिकामी टोपली उचलून निघाली, तसे मास्तर मागोमाग गेले.

"बाई, पहिल्यासारखाच भाव मिळाला ना?"

तिनं नत्थुजीकडं एकवार पाहिलं. "मास्तर, झाकल्या सौद्याचं इचारत नसतात."

भगवंत पोरांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. परतीच्या वाटेवर कुणीतरी म्हणालं, "मास्तर, भावाचा धडा पुरा नाही झाला."

"नाही झाला खरा," मास्तर म्हणाले, अन् टोपी नीट बसवून पुढं चालू लागले.