कृपया नापसंत करावे

आषाढातल्या एका मंगळवारी माझी पत्नी सुधा वारली. सात महिन्यांनी मी लेखक झालो.

दोन्हींची तयारी नव्हती. विमा कंपनीने आम्हाला साताऱ्याहून जयपूरला आणले (तीन वर्षांसाठी, एकोणीस झाली), आणि मालवीय नगरच्या घरात सुधा माझ्याशी बरेचसे चिठ्ठ्यांतूनच बोलत असे. हातात पुस्तक असले की मला ऐकू येत नाही, हे तिने लग्नाच्या पहिल्याच महिन्यात ओळखले होते. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे ती लिहून ठेवी. 'पाणी सहाला येते. तुमच्यासाठी थांबत नाही.' 'शेजारच्या भाभींबरोबर चाकसूला शीतळामातेला जाते. आज शिळेच खायचे असते. तक्रार देवीकडे करावी.' गॅसमागच्या फरशीवर एक कायमची चिकटवलेली होती : 'दुधाजवळ उभे राहा. पुस्तक न घेता.'

ती गेल्यावर मीही त्याच पानांमागे लिहू लागलो. अख्खा कागद भरेल एवढे सुचतच नव्हते. दोन ओळी, फार तर तीन. 'रिकाम्या खुर्चीचे मौन.' 'मौनाची रिकामी खुर्ची.' (ही दोन वेगळी स्फुटे आहेत, असे मला मनापासून वाटत होते!) पुण्याच्या एका वाङ्मयीन मासिकाने अशी स्फुटे मागवली होती. नापसंत साहित्य सोबतच्या तिकीट लावलेल्या पाकिटातून परत येणार होते. पसंत साहित्य परत मिळणार नव्हते.

माझी स्फुटे आणि सुधाच्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या एकाच डब्यात होत्या. तिच्या चिठ्ठ्यांना एक सैल झालेले रबर लावलेले होते. पाकीट भरताना माझ्या डाव्या हातात पुस्तक होते. पुढे काय झाले, ते सुधाने न पाहताही सांगितले असते.

आमची मुलगी मुग्धा इथेच हिंदी शाळेत शिकलेली. मराठी ती एकेक शब्द लावत वाचते. पण दर रविवारी डबा उघडून आईची एक चिठ्ठी वाचायची, हा तिचा नेम होता. त्या रविवारी ती डबा घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"बाबा, आईच्या चिठ्ठ्या कुठे आहेत?"

"डब्यात."

"डब्यात रबर आहे. मतलब, फक्त रबर."

सोमवारी मी पोस्टात गेलो. खिडकीतल्या भल्या माणसाला माझा चेहरा पाहून दया आली. "चिंता मत कीजिए अंकलजी," तो म्हणाला, "पहुँच जाएगी." तीच तर चिंता होती!

मुग्धा म्हणाली, फोन करा. पण फोनवर 'वारली' हा शब्द मला अजून उच्चारता येत नव्हता. म्हणून पत्र लिहायला घेतले. पहिले वाक्य लगेच जमले : कृपया माझे सर्व साहित्य नापसंत करावे.

"सगळं?" मुग्धाने विचारले. "तुमचं आवडलं तर त्यांना?"

"नाही आवडणार."

"इतकी खात्री?"

"मी वाचलंय ते."

ती हसली. सात महिन्यांत पहिल्यांदाच. कारणाचे वाक्य मात्र लिहून होईना. एका ओळीचे काम. मला नऊ दिवस लागले.

माझे पत्र पुण्याच्या वाटेवर असतानाच तिकीट लावलेले पाकीट घरी आले. पोस्टमनसमोरच फोडले. आत माझी स्फुटे होती. सगळी, एकही न गाळता. सोबत संपादकांच्या दोन ओळी होत्या : 'ही आपण फार विचार करून लिहिलेली दिसतात. उरलेली अस्सल आहेत, अंकात घेतली आहेत.'

पत्र पोहोचल्यावर त्यांनी स्वतः फोन केला. छपाई झाली होती, आणि मजकूर जुळवून झाल्यावर मूळ कागद छापखान्याने रद्दीत टाकले होते. ते पुन्हा पुन्हा क्षमा मागत राहिले. मी "असू दे, असू दे" म्हणत राहिलो. फोन ठेवल्यावर लक्षात आले, की रडत होतो तो मी.

अंक आला. पाण्याच्या वेळेखाली आणि शीतळामातेखाली माझे नाव होते. मुग्धाने एकेक शब्द लावत सगळे वाचले.

"आईचंच आहे," ती म्हणाली. "पण आईचं अक्षर नाहीये."

आता घरात तो अंक आहे, आणि गॅसमागची ती एक चिठ्ठी. फरशी काढल्याशिवाय निघत नाही, म्हणून वाचली. तिच्या आज्ञेप्रमाणे मी रोज सकाळी दुधाजवळ उभा राहतो. पुस्तक न घेता. दूध तरीही उतू जाते. मी चिठ्ठी वाचत असतो.